आमची वाटचाल : हॅरो ते स्कारबरो, सोमवार ते शुक्रवार

लंडनच्या हॅरो भागातून आम्ही कोचने, म्हणजे लांब पल्ल्याच्या बसने, सहली काढतो. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या स्कारबरोची सहल मात्र आम्ही शनिवारी काढत नाही. यॉर्कच्या पुढे ए-64 हा रस्ता बऱ्याच ठिकाणी दुभाजकाविना आहे, तिथे कोचला ताशी 50 मैलांची मर्यादा, आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी माल्टनच्या अलीकडे गाड्यांची जी रांग लागते ती हलता हलत नाही. हॅरोहून अंतर सुमारे 240 मैल. साडेचार तास चालवल्यावर ड्रायव्हरला 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. ती 15 आणि 30 अशी तोडता येते, पण याच क्रमाने. आधी अर्धा तास आणि मग पंधरा मिनिटे घेतली, तर ती विश्रांती धरली जात नाही. म्हणून आमचा पहिला थांबा फक्त चहाचा आणि दुसरा डबे सोडण्याचा.

या सहलीचा कार्यक्रम आम्हीच बसवला. पिकरिंगहून वाफेच्या इंजिनाच्या गाडीने गोथलंड, तिथून कोचने व्हिटबी. जॉर्ज स्टीफन्सनने आखलेल्या आणि 1836 साली सुरू झालेल्या या रेल्वेमार्गावर सुरुवातीला घोडे डबे ओढत. 1965 मध्ये तो बंद पडला आणि 1973 मध्ये स्वयंसेवकांच्या बळावर पुन्हा सुरू झाला. आगाऊ ग्रुप बुकिंग केले नाही तर 49 माणसे एकत्र बसत नाहीत. सगळे रेल्वेत असताना रिकामी कोच पुढे गोथलंडला जाऊन उभी राहते. एका स्पर्धकाने हाच कार्यक्रम ओळीनओळ उचलला, शनिवार-रविवारात कोंबला आणि स्वस्तात विकला. दोन्ही जाहिराती शेजारी ठेवल्या तर लोकांना फरक फक्त किमतीत दिसतो, आणि ते आम्हाला आजही लागते.

फरक व्हिटबीच्या वाटेवर कळतो. स्लाइट्सच्या अलीकडे ब्लू बँकचा उतार पाचास एक, म्हणजे 20 टक्के. भरलेली कोच नुसत्या पायब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. गिअर उतार सुरू होण्याआधीच खाली आणायचा आणि वेग रिटार्डरने, म्हणजे चाकांचे ब्रेक न वापरता गाडी संथ ठेवणाऱ्या यंत्रणेने, धरायचा. आम्ही कोच घेताना रिटार्डर आधी तपासतो, सीटची कव्हरे नंतर. व्हिटबीत 199 पायऱ्या चढून अ‍ॅबी, म्हणजे जुन्या मठाचे अवशेष, गाठता येते. गुडघेवाल्यांनी तो हट्ट धरू नये, मागच्या बाजूने वरपर्यंत रस्ता आहे.

जेवणाची आमची यादी एका काकूंनी घडवली. शाळेतून निवृत्त झालेल्या या काकू दर वर्षी पहिले बुकिंग करतात. ‘व्हेजिटेरियन’ एवढे कळवून भागत नाही, हे त्यांनीच आमच्या गळी उतरवले. आता हॉटेलच्या स्वयंपाकघराला आठवडाभर आधी लेखी जाते : अंडे नाही, पुडिंगमध्ये जिलेटिन नाही, चीज प्राण्यांच्या रेनेटचे (वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाचे) नाही, आणि चतुर्थी-एकादशी येत असेल तर उकडलेले बटाटे, फळे, दूध वेगळे. यॉर्कशरमध्ये चिप्स बऱ्याच ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. दुकानात शिरण्याआधी तेल कोणते ते विचारा, नुसत्या बटाट्यावर विसंबू नका.

2020 मध्ये कोविडमुळे धंदा बुडायच्या बेतात होता. सहली रद्द झाल्या. ब्रिटनच्या 2018 च्या पॅकेज-सहलींच्या नियमांप्रमाणे प्रवाशांचे पैसे 14 दिवसांत परत द्यायचे असतात. ते ट्रस्ट खात्यात, म्हणजे प्रवाशांचे पैसे वेगळे राखलेल्या खात्यात, जसेच्या तसे होते, ते दिले. हॉटेलांचे डिपॉझिट मात्र आमच्या खिशातून गेलेले, त्यातले बरेच परत आले नाही. कोचचे हप्ते थांबले नव्हते. एक कोच विकून ते भरले. त्याच काळात स्पर्धकाने लोकांच्या हाती पैशांऐवजी क्रेडिट नोटा (पुढच्या सहलीत वळत्या होणाऱ्या चिठ्ठ्या) ठेवल्या, आणि बंदी उठताच त्याच्याच गाड्या आधी भरल्या. बुकिंग कुठेही करा, पण आपला पैसा ट्रस्टमध्ये, विम्याखाली की बाँडवर (कंपनी बुडाल्यास पैसे देण्याच्या हमीवर) सुरक्षित आहे हे लेखी मागा. तोंडी उत्तर चालवून घेऊ नका.

मूरवरच्या, म्हणजे उघड्या माळरानाच्या डोंगरावरच्या, वळणांनी ज्यांना मळमळते त्यांनी मागच्या चाकापुढची सीट घ्यावी, आणि ती बुकिंगच्या वेळीच सांगावी. निघायच्या सकाळी आम्ही जागा बदलून देत नाही.