मालिकेचा शेवटचा भाग, 40 फुटी पडद्यावर

एका मराठी मालिकेचा शेवटचा भाग आमच्या थिएटरात दाखवायचा होता. शो संध्याकाळी 6 चा, डिस्क आली सकाळी 10 ला. डीसीपी, म्हणजे थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत, सर्व्हरवर चढवून लावली आणि आरतीच्या प्रसंगात ताम्हन ओवाळणाऱ्या हाताच्या कडा फणीच्या दातांसारख्या फाटलेल्या दिसल्या. मालिका इंटरलेस्ड होती. त्यात एका फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं असतात, सम रेषांचं आणि विषम रेषांचं, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या फरकाने टिपलेली. घरचा टीव्ही ती स्वतः जुळवून घेतो. डीसीपीत पूर्ण फ्रेम लागते, आणि डीइंटरलेस करायचं, म्हणजे त्या अर्ध्या चित्रांच्या पूर्ण फ्रेम बनवायचं, राहून गेलं होतं.

डीसीपी पुन्हा बनवणं भागच होतं. सेकंदाला 25 फ्रेम तशाच ठेवा, असं सांगितलं. आमचा सर्व्हर त्या घेतो. सिनेमाच्या नेहमीच्या 24 वर नेलं की 44 मिनिटांचा भाग 45 मिनिटं 50 सेकंदांचा होतो, शिवाय शीर्षकगीताची पट्टी उतरते. वर्षानुवर्षं रोज ऐकलेलं गीत. लोकांना ते लगेच खटकतं.

खरी गोम आवाजात होती. स्टिरिओ मिक्स, म्हणजे आवाज फक्त डावी-उजवीकडे, पडद्यामागचा मधला स्पीकर मुका. मधल्या खुर्चीत बसून काहीच कळत नाही. डाव्या टोकाला जाऊन बसलो, तर सासूबाई पडद्याच्या मधोमध आणि त्यांचं बोलणं डाव्या कोपऱ्यातून! जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो, कान तिकडेच वळतो. दोन्ही बाजू एकत्र करून मध्ये टाकल्या की संगीतही मध्येच गोळा होतं. म्हणून संवादांचा वेगळा ट्रॅक मागवला: संवाद मध्ये, संगीत डावी-उजवीकडे.

आवाजाची पातळी ही पुढची गोष्ट. कुकरच्या शिट्टीतही ऐकू जावं म्हणून मालिकेत हळू बोलणंही वर ओढलेलं असतं. फेडर, म्हणजे आवाजाचं बटण, सिनेमाच्या नेहमीच्या 7 वर ठेवलं तर ते अंगावर येतं. ते 5.5 वर आणलं, म्हणजे 5 डेसिबल खाली.

दुसरी डिस्क पावणेचारला आली. आधी डाव्या टोकाची खुर्ची, मग उजव्या. संवाद तोंडातून येत होते. आता फक्त कडा उरल्या: चित्र 1920 पिक्सेल, सिनेमाची ‘फ्लॅट’ नावाची चौकट 1998 रुंद, म्हणून दोन्हीकडे 39 पिक्सेल काळे, आमच्या पडद्यावर जेमतेम 9 इंच. मास्किंगचे, म्हणजे चित्राच्या कडा झाकणारे काळे पडदे तेवढे आत ओढले, ‘फेडर 5.5’ अशी चिठ्ठी रॅकला चिकटवली आणि दारं उघडायला सांगितली.