नोंद धरली, नाव लागलं नाही

तलाठ्याच्या नोकरीत दिवसभर एकच काम: लिहायचं. पण त्या लिहिण्याला आमच्याकडे किती क्रियापदं! नोंद घालणे, नोंद धरणे, प्रमाणित करणे, अंमल देणे, नाव लावणे, बोजा चढवणे, नावाला कंस करणे. ऐकणाऱ्याला सगळी सारखीच वाटतात. तशी ती नाहीत, हे मला कोरेगाव तालुक्यातल्या एका आजींनी शिकवलं.

सोसायटीच्या कर्जासाठी त्या उतारा न्यायला आल्या होत्या. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, १९९८ साली वारलेले. सातबारा काढून बघितला, तर भोगवटादार, म्हणजे जमिनीचा धारक, म्हणून अजून मालकांचंच नाव.

"आजी, तुमचं नाव लागलेलं नाही."

"आसं कसं? तवाच्या तलाठी भाऊसाहेबांनी सांगितलं हुतं, नोंद घातली म्हनून."

त्यांनी पिशवीतून शेतसाऱ्याच्या पावत्या काढल्या. वर्षावर्षाच्या, दोऱ्यानं बांधलेल्या. प्रत्येक पावती मालकांच्या नावानं फाडलेली. आजींना वाचता येत नव्हतं.

त्या साली लिहिलेली फेरफार नोंदवही, म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल लिहायचा गाव नमुना ६, मी शोधून काढली. नोंद होती! क्रमांक, वारसाचं स्वरूप, गट क्रमांक, सगळं सुवाच्य अक्षरात. चौथा रकाना मात्र कोरा. तिथं मंडळ अधिकाऱ्याची सही लागते. तलाठी नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस देतो, हरकतीसाठी १५ दिवस थांबतो. मग मंडळ अधिकारी तपासून ती प्रमाणित करतात आणि त्यानंतरच सातबाऱ्यावर अंमल होतो, म्हणजे नाव लागतं. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर त्या फेरफाराचा क्रमांक पेन्सिलीनं टिपलेला होता. प्रलंबित फेरफार असाच पेन्सिलीनं लिहायची पद्धत होती. कागद उजेडाकडे तिरका धरला तेव्हा कुठं तो दिसला. शाईनं तो कधी झालाच नाही. संगणकावर सातबारे चढले, तेव्हा पेन्सिलीचा आकडा मागंच राहिला.

आजींनी विचारलं, "मग तवा काय केलं हुतं?"

"नोंद धरली होती."

"धरली हुती, तर सोडली कुनी?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हाच्या माणसानं खोटं सांगितलं नव्हतं. नोंद घातलीच होती. पण ‘घातली’ आणि ‘लागली’ यांच्यामध्ये आजींची पंचवीस वर्षं गेली होती, आणि हा फरक त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. याचा मला अजून राग येतो. कायद्यानं विधवा पहिल्या वर्गाची वारस. हक्क मालक गेले त्याच दिवशी त्यांचा झाला होता, कागद तेवढा मागं पडला.

त्याच दिवशी नव्यानं वारसाचा अर्ज घेतला. मृत्यूचा दाखला त्यांच्याच पिशवीत निघाला. दोन्ही मुलींची नावं विचारून तीही वारसात घातली. नोटीस चावडीवर लावली. मुदतीत हरकत आली नाही.

फेरफार प्रमाणित झाल्यावर मी उतारा घेऊन घरीच गेलो. आजींच्या बोटाला धरून त्यांचं नाव दाखवलं, खाली मुलींची दाखवली. बोट वर सरकून मालकांच्या नावावर थांबलं.

"ह्ये दोन्हीकडनं काय वढलंय?"

"कंस, आजी. नाव कमी केलं की तसं करतात."

"म्हंजी पुसलं न्हाई न्हवं?"

"नाही. ते तिथंच राहतं."

"ऱ्हाऊ द्या मग," म्हणाल्या, आणि उतारा पावत्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून दोरा पुन्हा आवळला.