खुर्ची, रबरी पट्टा आणि बाबांचे १७ सेकंद
आज सकाळी मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर पाण्याच्या तांब्याला मोबाईल टेकवून ठेवला आणि बाबांचा व्यायाम घ्यायला पुण्याहून फिजिओथेरपिस्ट ताई व्हिडिओ कॉलवर आल्या. "काका, मला फक्त तुमचा चेहरा दिसतोय, गुडघे दिसू द्या," असे त्या म्हणाल्या, तेव्हा मी तांब्या दोन वीत मागे सरकवला.

तरुणपणी तालमीत पहाटे जोर-बैठका काढणाऱ्या बाबांना, हात छातीवर दुमडून खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला आज १७ सेकंद लागले. दोन महिन्यांपूर्वी २३ लागत होते. उतारवयातल्या स्नायूंच्या झीजेवरच्या आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार यासाठी १२ किंवा अधिक सेकंद लागणे हे शरीराची कार्यक्षमता घटल्याचे लक्षण मानले जाते, म्हणजे अजून बराच पल्ला बाकी आहे.

वयोमानाने स्नायू आणि ताकद झिजण्याला सार्कोपेनिया हे नाव १९८९ मध्ये सुचवले गेले, पण आपल्या घरांत आजही "वय झालं" एवढे म्हणून विषय संपवला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण स्नायूंवर हळूहळू भार वाढवणारा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने यांनी उतारवयातही ताकद वाढू शकते. मात्र तोल गेला तर पडद्यावरच्या ताई हात देऊ शकत नाहीत, म्हणून खुर्ची भिंतीला टेकवलेली असते आणि मी शेजारी उभी राहते.

कॉल संपल्यावर बाबांनी उद्याची वेळ स्वतःच विचारून घेतली आणि व्यायामाचा रबरी पट्टा नीट घडी करून उशाशी ठेवला.