आमची वाटचाल : हीटर प्लगपासून सुरू झालेलं काम

डिझेल गाडी थंडीत सकाळी लवकर उचलत नाही, सेल्फ बराच वेळ फिरवावा लागतो, चालू झाली तरी पांढरा धूर सोडत थरथरते. अशी तक्रार आली की पहिली दोन वर्षं आमचं उत्तर ठरलेलं असायचं : हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिनातली हवा विजेवर तापवणाऱ्या कांड्या, बदला. गॅरेजमध्ये मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघंच होतो. बहुतेक गाड्या त्याने बऱ्याही होत, त्यामुळे आपल्याला काम येतं असं आम्हाला वाटायचं.

मग एक गाडी आठ दिवसांत परत आली. "दादा, चारही प्लग नवे टाकलेत ना? मग सकाळी तोच त्रास का?" मालकांचा आवाज चढलेला नव्हता, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही सगळं पुन्हा पाहिलं. प्लग चांगले, फ्यूज चांगला, चावी फिरवली की रिलेचा, म्हणजे प्लगांना करंट सोडणाऱ्या विजेवरच्या स्विचचा, टक् आवाज येत होता. वायर प्लगवरून काढून मीटर लावला तर बारा व्होल्ट पूर्ण.

चूक तिथेच होती. वायर काढून मोजलं की करंट वाहतच नाही, आणि करंट वाहत नसताना खराब जोडसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो. दुसऱ्या दिवशी वायर जोडलेली ठेवून, प्लग तापत असताना मोजलं. बॅटरीवर 11.5 व्होल्ट, चारही प्लगांना जोडणाऱ्या पट्टीवर जेमतेम 8. मीटरची एक टोकणी रिलेच्या 30 नंबरच्या टर्मिनलवर (जिथून करंट आत येतो) आणि दुसरी 87 वर (जिथून बाहेर जातो) धरली, तर 3 व्होल्ट रिलेच्या आतच खर्च होत होते. झाकण काढलं तेव्हा आतले पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकून करंट जोडणारे धातूचे ठिपके, जळून खडबडीत झालेले दिसले. टक् आवाज फक्त एवढंच सांगतो की रिलेची कॉइल पॉइंट ओढते आहे. पॉइंट करंट नीट सोडतात की नाही, हे तो सांगत नाही.

साडेतीन व्होल्टची तूट ऐकायला लहान वाटते. पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने घटते, म्हणजे ते प्लग निम्म्याहूनही कमी ताकदीवर तापत होते. थंड इंजिनात नुसत्या दाबाने हवा पुरेशी तापत नाही म्हणून तर प्लग असतात. त्यांनाच अर्धी भाकर मिळाली तर ते काय करणार! आम्ही रिले बदलून दिला आणि आधीच्या कामाचे पैसे परत केले. त्या दिवसापासून नियम झाला, मोजल्याशिवाय काही बदलायचं नाही.

पुढची खरेदी डीसी क्लॅम्प मीटरची, म्हणजे वायरभोवती नुसता चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरची. मला विचाराल तर या कामातलं सगळ्यात उपयोगी हत्यार तेच. साध्या बारा व्होल्टच्या प्लगला थंड असताना दहा ते वीस अँपिअर लागतात, तापत जातो तसा करंट उतरतो. चारपैकी एक मेला की एकूण आकडा साधारण पावपट कमी येतो, आणि हे एकही नट न सोडता कळतं. मग पट्टी काढून एकेका प्लगचा रेझिस्टन्स घ्यायचा. तो एका ओहमच्या आसपास, म्हणून दोन्ही टोकण्या आधी एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा आकडा वजा करायचा. नाहीतर चांगला प्लगही संशयात सापडतो. प्रत्येक गाडीचे आकडे वहीत उतरवायची सवय भावाने लावली.

नव्या गाड्यांनी आमचं नुकसानही केलं. एका गाडीचे प्लग तपासायला मी थेट बॅटरीवरून बारा व्होल्ट दिले आणि प्लग डोळ्यांदेखत गेला. ते जेमतेम पाच व्होल्टवर चालणारे होते. त्यांना लागेल तेवढाच करंट कंट्रोल मॉड्यूल (प्लग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) तुकड्यातुकड्याने सोडतं. नवा प्लग आमच्या खर्चाने आला. आता आधी प्लगवर छापलेलं व्होल्टेज वाचतो. अशा गाड्यांत स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) जोडून कुलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान पाहतो. रात्रभर उभ्या गाडीचा सेन्सर ऐंशी अंश सांगत असेल, तर मॉड्यूल प्लग तापवणारच नाही. आणि डॅशबोर्डवरची वेटोळ्याची खूण विझली म्हणजे प्लग तापले, असं धरून चालू नका. बऱ्याच गाड्यांत ती ठरलेला वेळ संपला की विझते.

आज आम्ही पाच जण आहोत. कामाला आलेल्या नव्या मुलाला पहिला महिना पाना देत नाही, मीटर देतो. परवा एक गाडी आली, सेल्फ जड फिरतो म्हणून तो बदलायचा सल्ला मालकांना दुसरीकडे मिळाला होता. मुलाने प्लग तापत असताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात मोजलं : 1.4 व्होल्ट. तिथे 0.2 च्या वर जायला नको. इंजिनाची अर्थ पट्टी (इंजिनाला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी) बोल्टाखाली गंजली होती, सेल्फ आणि प्लग दोघंही तिच्यामुळेच उपाशी. घासून, आवळून झाल्यावर त्याने पुन्हा मोजलं आणि कोणी न सांगता दोन्ही आकडे वहीत लिहिले.