रायवळाचं कलम

“रायवळाचं कोण कलम बांधतं काय?” नर्सरीत हापूसची रोपं न्यायला आलेला एकजण हसून बोलला आणि समोर उभे असलेले आजोबा एकदम गप्पच झाले.

आजोबांनी ओल्या फडक्यात गुंडाळून रायवळाच्या, म्हणजे बाठ्यातून उगवलेल्या गावठी आंब्याच्या काड्या आणलेल्या. परसातलं झाड रस्त्याच्या रुंदीकरणात जाणारेय. काड्या बघितल्या तर पानं आठवडाभर आधीच झाडावर छाटलेली, देठ तेवढे ठेवलेले, त्यामुळे कोंबांचे डोळे मस्त टपोरे फुगलेले. एवढी तयारी लोक हापूससाठीसुद्धा करत नाहीत हो!

लगेच कोय कलमं बांधायला घेतली, 10-15 दिवसांची बाठ्याची रोपं, पानं अजून तांबूस, काडीची पाचर करून त्यांत बसवली, पट्टी गुंडाळली.

पण ते हसणं डोक्यातून जात नाहीये. हापूसची झाडं कलमाचीच, एका बागेत मेला तर दुसरीकडे तोच आहे, रायवळ मात्र बाठ्यातून उगवतो, प्रत्येक झाडाची चव वेगळी, आणि त्याचा बाठा लावला तरी तेच फळ येईल याची खात्री नाही. झाड तोडलं की ती चव गेली, मग कलम नको बांधायला?

तुमच्याकडे आहे का असं एखादं झाड? ऑगस्ट संपायच्या आत काड्या आणा, बांधून देतो.