जुन्या पर्पेच्युअल कॅलेंडर घड्याळाचा उतारा मिळवताना: माझा अनुभव

घड्याळ पाहिलं, आवडलं, घेतलं. त्यात सांगण्यासारखं फार नाही. सांगायचंय ते त्याच्या कागदाबद्दल. त्या एका कागदासाठी माझे चार महिने गेले.

आधी हा जीव नेमका कशावर जडतो ते सांगतो. पर्पेच्युअल कॅलेंडर म्हणजे महिना 30 चा की 31 चा, फेब्रुवारी 28 चा की 29 चा, हे स्वतःच ओळखून तारीख बदलणारं घड्याळ. डायलखाली एक छोटं चाक असतं, ते चार वर्षांत एकदाच पूर्ण फिरतं. त्याच्या कडेला 48 महिन्यांचा हिशोब कोरलेला असतो: 31 दिवसांचा महिना असेल तिथे कड पूर्ण उंच, 30 चा असेल तिथे उथळ खाच, फेब्रुवारीला सगळ्यात खोल, आणि लीप वर्षाच्या फेब्रुवारीला त्याहून किंचित उथळ. महिनाअखेरीला एका दांडीचं टोक त्या खाचेत उतरतं आणि तारीख किती पुढे न्यायची ते ठरतं. हे सगळं नुसत्या धातूत! 2100 साल लीप नाही, तेव्हा मात्र हाताने दुरुस्ती करावी लागेल.

अशी जुनी घड्याळं मुळातच थोडी. पाटेक फिलिप या स्विस कंपनीने 1941 मध्ये आणलेलं 1518 हे मॉडेल एकूण 281 च बनलं. त्यातलं स्टीलचं एक 2016 च्या लिलावात 1 कोटी 10 लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. एवढा पैसा आला की एकाची केस, दुसऱ्याची मशीन, नव्याने रंगवलेली डायल असेही प्रकार येतात. माझं घड्याळ या रांगेतलं नाही, पण केस आणि मशीन एकमेकांचीच आहेत ना, हे मला हवंच होतं. त्यासाठी कारखान्याच्या जुन्या नोंदींतला उतारा मागवायचा.

अर्जात एकच रकाना होता: 'घड्याळाचा क्रमांक'. कोणता क्रमांक, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मागचं झाकण उघडल्यावर आत जो दिसला तो मी भरला. सात आठवड्यांनी उत्तर आलं: 'क्रमांक नोंदीशी जुळत नाही.' बस्स. कोणता चुकला, कुठे पाहायचा, याबद्दल अक्षर नाही. ते सात आठवडे मी रोज मेल उघडत होतो. पुन्हा विचारलं, तर तेच वाक्य परत आलं. एका ओळीने काम झालं असतं, आणि ती ओळ कुणालाच लिहावीशी वाटली नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि झाकण तिरपं धरलं. "हे बघा," ते म्हणाले, "तुम्ही लिहिलेला हा आकडा सुईने ओरखडलाय. कुणीतरी दुरुस्ती करताना केलेली आपली खूण आहे ही. केसचा नंबर ठसा मारलेला असतो, हा इथे, पुसट." मशीनचा नंबर वेगळाच, चाकं धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीवर, म्हणजे पुलावर, कोरलेला. दोन्हींचे जवळून फोटो काढून, कोणता कशाचा ते स्पष्ट लिहून पाठवलं. आणखी नऊ आठवडे.

उतारा आला. केस आणि मशीन, दोन्ही क्रमांक एकाच ओळीत. तो कागद हातात धरून मी बराच वेळ नुसता बसलो होतो.

म्हणून सांगतो, झाकण स्वतः उघडू नका आणि तिन्ही आकडे वेगवेगळे टिपून ठेवा. केस चकचकीत करायचा मोह तर अजिबात नको. लगच्या, म्हणजे पट्टा जिथे अडकतो त्या टोकांच्या, धारदार कडा आणि ठसे पॉलिशने झिजतात, किंमत त्यांच्यातच असते. आणि एक राहिलंच: संध्याकाळी आठपासून पहाटे तीनपर्यंत तारीख-महिना बदलायच्या कडेच्या कळा दाबू नका. तेव्हा दांड्या तारीख बदलायच्या कामात गुंतलेल्या असतात, दात तुटू शकतो.

बऱ्याच जुन्या घड्याळांत लीप वर्षाचा आकडाच नसतो, माझ्यातही नाही. घड्याळजींनी महिन्याची कळ दाबत चारही फेब्रुवारी तपासले आणि 29 तारीख दाखवणारा शोधून दिला. घड्याळ थांबून हे सगळं पुन्हा करावं लागू नये म्हणून त्या दिवसापासून मी चावी एकदाही चुकवलेली नाही.