रंगूनहून आलेला फोन

रत्नागिरीतल्या आमच्या शाळेच्या ग्यादरिंगमध्ये दर वर्षी नाटुकली बदलायची, कोळीनृत्य बदलायचं, पाहुणे तर बदलायचेच. बदलायचं नाही ते एकच, ‘मेरे पिया गये रंगून’. सत्तरच्या दशकातला कुठलाही डिसेंबर घ्या, शेलापागोट्यांचा गोंधळ शमला आणि विविध गुणदर्शन निम्म्यावर आलं की कुणीतरी लुंगी लावून स्टेजवर यायचं आणि सगळं पटांगण ओरडायचं, ‘हॅलोऽऽ!’

या गाण्याचं आमच्याकडे एवढं चाललं कसं, याचं उत्तर अगदी व्यावहारिक आहे. गाणी पसंत करायला चित्रकलेच्या वर्गात मुख्याध्यापक स्वतः बसत. मुलगा आणि मुलगी यांचं युगुलगीत म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. हात धरणं लांबच, एका झाडाभोवती फिरायलाही परवानगी नव्हती. आणि इथे तर गाण्यातला नवरा तिकडे ब्रह्मदेशात रंगूनला, बायको देहरादूनला! स्टेजच्या या टोकाला तो, त्या टोकाला ती, मधे वीस फुटांची वायर. तक्रारीला जागाच नाही. बिनघोर पास होणारं एवढंच एक प्रेमगीत होतं, आणि इतर शाळांतही ते त्याच कारणाने चालत असणार असा माझा दाट संशय आहे.

गाणं 1949 चं, ‘पतंगा’ नावाच्या हिंदी चित्रपटातलं. शब्द राजेंद्र कृष्ण यांचे. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. त्यातला नवऱ्याचा आवाजही त्यांचाच, ‘चितळकर’ या नावाने. समोर शमशाद बेगम, तो खडा, कसलाही आडपडदा नसलेला आवाज. पडद्यावर गोप आणि निगार सुलताना. मजा अशी की चित्रपटातही हे गाणं स्टेजवरच होतं, समोर प्रेक्षक बसवून. त्यामुळे ग्यादरिंगमध्ये आणताना त्यात काही बदलावं लागत नसे. ‘अनारकली’च्या चाली आणि ‘ऐ मेरे वतन के लोगों’ देणाऱ्या माणसाने हा चावटपणाही तेवढ्याच मन लावून केला, याचं मला अजून कौतुक वाटतं. विनोदी गाण्याला पाट्या टाकणारे संगीतकार पुढे पुष्कळ झाले.

गाणं चालू होण्याआधी फोनवरचं बोलणं आहे. ‘मैं अपनी बीवी रेणुका देवी से बात करना चाहता हूँ’ असं तो ऑपरेटरला सांगतो. आमच्याकडे खरी गंमत इथेच सुरू व्हायची. ट्रंककॉल म्हणजे काय ते प्रेक्षकांतल्या प्रत्येकाला माहीत होतं: पोस्टात जाऊन नंबर द्यायचा, ऑर्डिनरी की अर्जंट ते सांगायचं आणि ऑपरेटर जोडून देईपर्यंत बाकावर बसून राहायचं. सगळ्यांत तातडीचा आणि महागडा लाइटनिंग कॉल कुणी केलेला आमच्या ऐकिवात नव्हता. त्यामुळे आमचा नवरा आधी ऑपरेटरशीच पाच मिनिटं भांडायचा. त्याला भलताच नंबर लागायचा, कधी बंदरावरची बर्फाची वखार, कधी एस.टी.ची चौकशी खिडकी, एकदा तर साक्षात मुख्याध्यापकांचं घर. मुख्याध्यापक पहिल्या रांगेत होते. ते हसले, तेव्हा बाकीच्यांनी हसून घेतलं.

फोन घरीच तयार व्हायचा. चपलांच्या खोक्याला काळा घोटीव कागद, डायलच्या जागी बूटपॉलिशच्या डबीचं झाकण, त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने आकडे. रिसीव्हर म्हणजे नारळाच्या दोन करवंट्या, काचेच्या तुकड्याने तासून गुळगुळीत केलेल्या, मधे बांबूचं कांडं. कानाला लावला की खोबऱ्याचा वास यायचा. वायर म्हणजे काळ्या शाईत बुडवलेला काथ्या. तो नीट वाळलेला नसला की रेणुकादेवीच्या गालावर शाई उतरायची आणि पुढचं कडवं ती तशाच काळ्या गालाने गायची.

एका वर्षी हा काथ्या पडद्याच्या दोरीत अडकला. पडदा ओढणाऱ्या मुलाला वाटलं, आयटम संपला. त्याने हिसका दिला तसा देहरादूनकडचा अर्धा पडदा सरसर मिटला आणि रंगूनकडचा तिथेच अडकून बसला. पेटीवाले सर थांबले नाहीत, म्हणून नवराही थांबला नाही. त्याची ओळ झाली की पडद्याआडून बायकोचं उत्तर यायचं आणि मधे तो काथ्या ताणलेला. लोकांना वाटलं, बसवलंय असंच. वन्स मोअर आला. पुढच्या वर्षी मुद्दाम तसंच करून पाहिलं, तर कुणी फारसं हसलं नाही.

निवेदन इतिहासाच्या सरांकडे असे. ते या गाण्याची ओळख करून द्यायला उठले की पोरं चुळबुळायला लागत, कारण ओळख गाण्यापेक्षा लांब. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना इंग्रजांनी 1908 साली ब्रह्मदेशात मंडालेला नेऊन ठेवलं आणि ब्रह्मदेशाच्या थिबाराजाला त्याआधीच मंडालेहून उचलून रत्नागिरीत आणून बसवलं होतं. टिळक सहा वर्षांनी परत आले, थिबा 1916 साली इथेच गेला. तेव्हा बाळांनो, रंगून आपल्याला परकं नाही! हे आम्ही दर वर्षी ऐकलं. थिबा पॅलेसवरून रोज जाणाऱ्या मुलांना त्याचं काय कौतुक असणार? आता मात्र वाटतं, सर बोलत होते ते गाण्याला धरूनच होतं. थिबाच्या एका नातीचं जवळजवळ सगळं आयुष्य याच गावात, मराठी बोलत गेलं. आणि 1942 साली जपानी फौजा रंगूनपर्यंत आल्यावर लाखो हिंदुस्थानी माणसं आराकान आणि आसामच्या डोंगरांतून चालत परत निघाली. वाटेत किती मेली याची मोजदाद नाही. त्यानंतर सातच वर्षांनी हे गाणं आलं. हिंदुस्थान सोडून पस्तावलो, असं गोप गमतीने म्हणतो. ऐकणाऱ्यांत काही जण ते गमतीने न ऐकणारेही असतील.

गाण्यातली एक ओळ मात्र रत्नागिरीत कायम वाया जायची. साजण नसल्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीचे मे-जून झाले, असं बायको म्हणते. देहरादूनला ठीक आहे. आमच्याकडे जानेवारीतही मंडपात घाम पुसतच बसायचं, त्यात हसायचं काय?

हशा वसूल व्हायचा तो लुंगीच्या कडव्याला. परदेशात पाटलोण विसरलो, लुंगीवर दिवस काढतो, असं नवरा सांगतो. लुंगी बहुधा त्याच्या बापाची असायची, चौकड्यांची, दुप्पट घेराची, आणि बाप समोर खुर्चीत. नाचता नाचता एका हाताने गाठ धरायची, दुसऱ्या हातात करवंटी. गाठ सुटते की राहते, याकडेच सगळ्यांचे डोळे.

शाळेतून हे गाणं वाडीतल्या गणेशोत्सव मंडळात गेलं आणि तिथे बायकांनी ते ताब्यात घेतलं. तोपर्यंत घरटी एक माणूस आखातात होता. मग रंगून गेलं आणि चाल तीच ठेवून ‘घोव माझे गेले कुवेत, आता कोण नांगरील शेत’ सुरू झालं. फोनच्या जागी टू-इन-वन आला. नवरे आवाज भरलेल्या कॅसेटी पाठवायचे, म्हणून स्टेजवरची बायको बटण दाबायची आणि तिकडून सूचनांची यादी सुरू व्हायची: छपराची कौलं परत, म्हशीचा डॉक्टर, धाकट्याची फी, आणि शेवटी घाईघाईत ‘तुझी आठवण येते’. ते शेवटचं वाक्य आलं की बायकांच्या घोळक्यातून असा काही हशा उठायचा की पुरुष मंडळी उगाच इकडेतिकडे बघायची. मूळ गाण्यापेक्षा मला हा अवतार सरस वाटतो. रंगून कुणी पाहिलं नव्हतं, कुवेतची पत्रं मात्र घराघरांत येत होती.

आता शाळांत गाणी पेनड्राइव्हवरून लागतात आणि मुलं नुसते ओठ हलवतात. त्यात वाईट एवढंच, की ऑपरेटरशी भांडायला जागा उरत नाही. रेकॉर्डिंग काही मुख्याध्यापकांच्या घरी फोन लावत नाही. तरी गेल्या डिसेंबरात भाचीच्या मुलाच्या शाळेत हे गाणं पाहिलं. फोन खरा, काळा, जुन्या बाजारातून आणलेला. पोरगं आठ वर्षांचं, रिसीव्हर उलटा धरून होतं आणि नाचत मात्र झकास होतं. लुंगीच्या कडव्याला मी सवयीने पुढे सरकून बसलो. शेजारची त्याची आई म्हणाली, ‘काळजी नको हं काका, आतून इलॅस्टिक लावलंय.’